लाखोट्यामागून लाखोटा

आमच्या नवी मुंबईला इतिहास नाही, असे पुण्याची मंडळी मोठ्या खुशीत सांगत असतात. सिडकोने १९७० नंतर खाडीकाठी वसवलेले शहर, त्याला कसला आला आहे इतिहास! गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या माझ्या पुण्याच्या नणंदेने चकलीचा तुकडा मोडता मोडता मला विचारले, “वहिनी, तुम्ही शाळेत मुलांना आपल्या गावाचा इतिहास म्हणून शिकवता तरी काय? सेक्टरांचे नंबर?”

त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. उत्तर सुचले ते नेहमीप्रमाणे पाहुणे गेल्यावर, डबे आवरताना. उत्तर असे, की तुमच्या पुण्यावर इंग्रजांची पहिली फौज चालून आली ती आमच्या अंगणातून, पनवेलच्या खाडीतून. आणि तुमच्या पुण्याने मावळात जो तह मिळवला, त्यातले पहिले कलम ज्या पत्राने पुसले गेले ते पत्रही घाट उतरल्यावर, आमच्याच बाजूला लिहिले गेले. एवढा इतिहास एका गावाला पुरे आहे.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत शिकवू लागले आणि मुलांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. परंतु कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला परक्याच्या पत्रांचे फार वेड असते. लढाईत तलवार कोणी कशी चालवली हे मला नीटसे कळत नाही. मात्र तंबूत समईशी बसून, बाहेर तोफा चालू असताना, एका माणसाने दुसऱ्याला काय लिहिले हे वाचले की मला त्या लढाईचा चेहरा दिसू लागतो. वडगावच्या लढाईचा चेहरा मला असाच दिसला. ती गोष्ट वाचकांना सांगायची आहे.

मागची हकीकत थोडक्यात आटोपते. १७७३ च्या ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढल्या वर्षी त्यांना पुत्र झाला, तोच सवाई माधवराव. बारभाईंनी तान्ह्या मुलाच्या नावाने राज्य चालवले आणि काका रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५ च्या मार्चमध्ये मुंबईकरांनी त्यांच्याशी सुरतेला तह केला. आता गंमत पाहा. कलकत्त्याचे वरिष्ठ म्हणाले, आम्हांला विचारल्यावाचून तुम्ही तह केलाच कसा? त्यांनी कर्नल अप्टन नावाचा आपला वकील थेट पुरंदरास धाडला आणि १७७६ च्या मार्चमध्ये दुसराच तह करून घेतला. मुंबईचा तह एक, कलकत्त्याचा तह दुसरा, आणि दोन्ही इंग्रजांचेच! नाना फडणिसांसारख्या माणसाने यावरून काय ते ओळखले. मुंबईकरांनी मात्र पुरंदरचा तह कधी मनापासून मानला नाही, आणि संधी दिसताच तो मोडून ते रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाले.

ती फौज १७७८ च्या नोव्हेंबराच्या अखेरीस पनवेलास उतरली. मुंबईहून होड्यांनी खाडीत शिरायचे, भरती साधून धक्क्याला लागायचे आणि तेथून बैलांवर ओझी लादून घाटाची वाट धरायची, हा जुना रिवाज होता. लढणारे शिपाई सुमारे चार हजार आणि सामान वाहणारे बैल एकोणीस हजार! आज त्याच वाटेने कळंबोलीच्या नाक्यावरून द्रुतगती मार्गाला लागणाऱ्या मोटारी मोजताना मला ते बैल आठवतात. कॅप्टन स्टुअर्टची तुकडी आधीच पुढे जाऊन तिने बोरघाट ताब्यात घेतला होता. हाच तो स्टुअर्ट, ज्याला मराठ्यांनी कौतुकाने ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. शत्रूला असे नाव देणारे लोक मोठ्या मनाचे म्हटले पाहिजेत.

घाट तर हाती होता. मग फौजेचे घोडे अडले कुठे? ते कागदावर अडले.

मुंबई कौन्सिलने या मोहिमेवर एकट्या सेनापतीला नेमले नाही, तिघांची समिती नेमली. एक जॉन कार्नाक, कौन्सिलचा सभासद आणि समितीचा मुख्य. दुसरा कर्नल एगर्टन, फौजेचा सेनापती, प्रकृतीने अधू. आणि तिसरा टॉमस मॉस्टिन. हा मॉस्टिन म्हणजे पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेला माणूस. पुण्यात कोण कोणाचा, कोणाच्या बोलण्याला किती किंमत द्यायची, हे तिघांत जर कोणाला ठाऊक असेल तर त्याला. म्हणजे तलवार एकाच्या हाती, लेखणी दुसऱ्याच्या आणि शिक्का तिसऱ्याच्या. कागदावर ही रचना किती शहाणपणाची दिसते! शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्हीही अशीच समिती नेमतो, आणि पडदा कोणी पाडायचा यावर नाटक खोळंबते.

इथेही तेच झाले. कार्नाक समितीचा मुख्य, तेव्हा फौजेने त्याला लष्करी सलामी द्यावी की नाही, यावर त्याचे आणि एगर्टनचे वाजले. कार्नाक पूर्वी बंगालच्या फौजेत सेनाधिकारी होता, त्यामुळे त्याला लढाईतलेही कळत होते, निदान त्याचा तसा समज होता. एकाच तळावर राहणारी माणसे आपापली मते कागदावर नोंदवू लागली. आणि ज्याचा सल्ला खरोखर घ्यावा तो मॉस्टिन वाटेतच आजारी पडला, मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. पुणे जाणणारा एकच डोळा होता, तो मिटला.

पुण्यात या मंडळींचा आधार कोणावर होता? मोरोबा फडणिसांच्या पक्षावर. त्या पक्षाने रघुनाथरावांना घेऊन या असे सुचवले होते, ही गोष्ट खरी. परंतु फौज पनवेलास उतरण्याच्या चार महिने आधीच नानांनी मोरोबांना धरून किल्ल्यात ठेवले होते. जुन्या पत्रावर विसंबून नवी लढाई सुरू करणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगावर यंदाची दिवाळी करणे!

खंडाळ्यास सगळी फौज पोचली २३ डिसेंबरला. तेथून कार्ले जेमतेम आठ मैल. आमच्या शाळेची सहल हे अंतर गाण्याच्या भेंड्या अर्ध्यावर असतानाच कापते. इंग्रजांच्या फौजेला तेवढ्याला अकरा दिवस लागले. ४ जानेवारीला कार्ल्यापाशी स्टुअर्ट तोफेचा गोळा लागून पडला. त्याच्या आधी कर्नल के हा दुसरा चांगला अधिकारी जखमी झाला होता, तोही वाचला नाही. ६ जानेवारीला एगर्टनने प्रकृतीच्या कारणाने सेनापतिपद सोडले आणि कर्नल कॉकबर्न सेनापती झाला. एगर्टनला मुंबईस परत जायचे होते, पण मागची वाट मराठ्यांच्या घोडदळाने तोडली होती, म्हणून तो पुन्हा समितीतच बसला! सेनापती बदलला, समिती मात्र कायम.

मराठ्यांच्या बाजूलाही लेखणी आणि तलवार वेगळ्या माणसांच्या हाती होत्या. नाना फडणीस हा लढवय्या नव्हे. पानिपतावरून जीव घेऊन परतलेला माणूस, रणांगणाची भीती त्याने कधी लपवली नाही. महादजी शिंदे पानिपतावरूनच लंगडा पाय घेऊन आलेला सरदार. दोघांचे एकमेकांशी फारसे गूळपीठ होते असेही नाही, पुढे तर चांगलाच दुरावा आला. पण या महिन्यात कारभारी आणि सरदार यांच्यात जे ठरले ते तडीस गेले. समोरासमोर मोठी लढाई द्यायची नाही, वैरण जाळायची, गावे ओस पाडायची, शत्रूला पुढे येऊ द्यायचे आणि मागे जाऊ द्यायचे नाही. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावास पोचले तेव्हा गाव जळत होते. पुढे चिंचवड आणि वेळ पडली तर खुद्द पुणेही जाळायची तयारी ठेवली होती. स्वतःची राजधानी जाळायला सांगणाऱ्या कारभाऱ्यावर सरदारांचा किती विश्वास असला पाहिजे! मला नाना आवडतात असे नाही, त्यांच्या स्वभावातला थंडपणा मला नेहमी खुपत आला आहे. पण हे मात्र त्यांचे त्यांना दिले पाहिजे.

तळेगावच्या तळावर इंग्रजांपाशी अठरा दिवसांची रसद होती आणि पुणे अठरा मैलांवर होते. तरी समितीने परत फिरायचे ठरवले. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी अवजड तोफा तळ्यात लोटल्या, सामान पेटवून दिले आणि गुपचूप कूच केले. चार हजारांची फौज आणि हजारो बैल गुपचूप कसे निघणार? मराठे पहाटेपूर्वीच पाठीवर आले. कॅप्टन हार्टले आपल्या हिंदी शिपायांनिशी पिछाडीला पाय रोवून लढला म्हणून बाकीचे वडगावपर्यंत पोचले. तेथे चहूकडून वेढा पडला.

आता बोलणारे पुढे झाले. समितीने विल्यम फार्मर नावाच्या आपल्या माणसाला मराठ्यांच्या छावणीत धाडले. मराठ्यांनी पहिली मागणी केली ती रघुनाथरावांची. रघुनाथरावांनी आधीच महादजींशी परभारे सूत जमवले होते, त्यामुळे तो प्रश्न सुटला. मग महादजी म्हणाले, आता तह करा. समितीने फार्मरकडून कळवले, की आम्हांला तह करण्याचा अधिकारच नाही, तो कलकत्त्याचा. यावर मराठ्यांनी जो सवाल केला तो मला अजून ऐकू येतो. तह करण्याचा अधिकार नाही म्हणता, तर कर्नल अप्टनने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?

याला उत्तर नव्हते. समितीने होम्स नावाच्या दुसऱ्या माणसाला पूर्ण अधिकाराचे पत्र देऊन महादजींकडे पाठवले. पुढे कार्नाकने आपल्या वरिष्ठांना सांगितले, की ते अधिकारपत्र देताना त्याला काडीचीही किंमत नाही हे मी मनात धरूनच होतो. वाचकहो, हे वाक्य फिरून एकदा वाचावे. उपाशी आणि वेढलेली फौज वाचवण्यासाठी माणूस खोटे बोलला, हे मी समजू शकते. पण आपण खोटेच लिहीत होतो, हे त्याने स्वतःचे समर्थन म्हणून सांगितले.

जानेवारीच्या मध्यावर वडगावचा तह झाला. १७७३ नंतर घेतलेला मुलूख, साष्टी आणि ठाणे सुद्धा, परत करायचा. भडोचेतला हिस्सा शिंद्यांना द्यायचा, आणि शिंद्यांच्या माणसांना ४१,००० रुपयांची नजर. बंगालहून येणारी फौज माघारी वळवायची. आणि हे सगळे पुरे होईपर्यंत दोन इंग्रजांनी महादजींकडे ओलीस राहायचे. एक तो फार्मर, आणि दुसरा लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट. नाव तेच, पण हा फाकडा नव्हे, तो तर कार्ल्यालाच गेला होता.

ही बंगालची फौज कोणती, ते सांगायचे राहिलेच. वॉरन हेस्टिंग्जने मुंबईच्या मदतीसाठी काल्पीवरून जमिनीच्या वाटेने एक फौज धाडली होती. तिचा पहिला सेनापती कर्नल लेस्ली वाटेत मेला आणि कर्नल गॉडर्ड तिचा मुखत्यार झाला. हेस्टिंग्जने नागपूरच्या मुधोजी भोसल्यांशी बोलणे करायला इलियट नावाचा वकीलही पाठवला होता, तोही नागपूर पाहण्यापूर्वीच वारला. मग वकिलाचे काम गॉडर्डकडेच आले. नर्मदेकाठी होशंगाबादेस, आज त्याला नर्मदापुरम म्हणतात, हा सेनापती भोसल्यांच्या उत्तराची वाट पाहत बसला. भोसले हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात. शेवटी कंटाळून तो निघाला आणि जानेवारीच्या अखेरीस बऱ्हाणपुरास पोचला.

तेथे त्याला समितीची पत्रे मिळू लागली. तळेगावच्या तळावरून लिहिलेल्या पत्रात सल्ला होता, की बेत बदलला आहे, एक तर वऱ्हाडात थांबा नाही तर सुरतेकडे वळा. त्यामागून आले वडगावच्या तहानंतरचे पत्र. तह झाला आहे, त्याअन्वये तुम्ही फौज घेऊन बंगालकडे परत फिरावे. आणि त्याच्याही मागून तिसरा लाखोटा. समितीची मंडळी बोरघाट उतरून कोकणात सुखरूप आली आणि त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर गॉडर्डला दुसरे पत्र धाडले, की आमच्या त्या हुकमावर जाऊ नका.

घाटावर एक हुकूम आणि घाटाखाली दुसरा. मधे अंतर किती? आज तेवढ्यात मुंबईची गाडी कर्जतला वडापाव घेते. पण त्या अंतरात तलवारीची धार लागत होती की नाही, एवढाच फरक होता. पायथ्याला वारा लागताच समितीला आपला अधिकार नसल्याची आठवण झाली.

हे लिहिताना त्यांना ठाऊक होते, की आपली दोन माणसे अजून महादजींच्या राहुटीत आहेत. गॉडर्ड माघारी फिरेल या वचनाला तारण म्हणून तर ती ठेवलेली. हा दुसरा लाखोटा महादजींच्या स्वारांनी वाटेत धरला असता तर? जासुदाला पकडून थैली उघडणे ही त्या काळी रोजची गोष्ट होती. मी कागदाकडे पाहते तेव्हा मला त्याखालची सही दिसत नाही. फार्मर आणि स्टुअर्ट यांच्या मानाच दिसतात.

बिचाऱ्या गॉडर्डने करावे काय? तीन पत्रे, तीन हुकूम, आणि खरे काय घडले ते कोणीच धड सांगत नाही. त्याने मनाशी एक गोष्ट पक्की धरली. मी बंगालचा चाकर, मुंबईच्या समितीचा नव्हे. तिचा हुकूम मला बांधत नाही. पुण्याहून त्याला अडवायला वीस हजार स्वार निघाल्याची बातमी होती. त्याने वेळ न घालवता बऱ्हाणपूर सोडले आणि तीनशे मैलांची मजल सुमारे वीस दिवसांत मारून फेब्रुवारीच्या अखेरीस सुरत गाठली. त्या एका मजलेने वडगावचा तह फाटला. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याने तह नामंजूर केला, हेस्टिंग्जनेही तो झिडकारला. कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांना कंपनीने नोकरीतून काढले. लढाई पुढे चालू राहिली ती १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह होईपर्यंत. त्यात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ठाण्याच्या खाडीपलीकडची ती जमीन आम्ही रोज पाहतो. वडगावला तिचे नाव परतीच्या यादीत लिहिले गेले होते, हे किती जणांना माहीत असते?

गॉडर्डलाही पुढे आमचा घाट भोवला, हे जाता जाता सांगून टाकते. १७८१ मध्ये तो स्वतः बोरघाटावर येऊन बसला आणि नानांशी पत्रांनी तहाचे बोलणे करू लागला. नानांनी ते बोलणे लांबवले आणि तेवढ्यात हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्याभोवती गोळा झाल्या. एप्रिलमध्ये घाट उतरून पनवेलास येईपर्यंत त्याचे चारशेहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. पत्राने फौज कशी थोपवावी हे नानांकडून शिकावे.

ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात सांगितली. मुलांना स्टुअर्ट आवडला, तळ्यात लोटलेल्या तोफा फारच आवडल्या. सालबाईपर्यंत पोचून मी खडू खाली ठेवला, तोच मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, “बाई, पण त्या दोघांचं काय झालं? त्यांना मारलं?”

मी थांबले. पुस्तकात धड्याच्या शेवटी जे प्रश्न असतात त्यांत हा नव्हता. मला उत्तर माहीत होते, आणि तरी मी धडा संपवायला निघाले होते.

नाही, त्यांना मारले नाही. तह मोडला, गॉडर्ड सुरतेस पोचला, रघुनाथरावही महादजींच्या माणसांच्या हातून निसटून १७७९ च्या जूनमध्ये त्याच्याकडे जाऊन मिळाले. ज्या ज्या गोष्टीसाठी ओलीस ठेवले होते, ती ती गोष्ट मोडली. तरी फार्मर आणि स्टुअर्ट यांच्या केसालाही धक्का लागला नाही. चौदा महिने ते शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरले. महादजींचे यात राजकारण नव्हते असे मी म्हणणार नाही. इंग्रजांशी उद्या बोलायचे आहे, हे त्यांना ठाऊक होते, आणि वडगावला दाखवलेल्या उदारपणाबद्दल सालबाईच्या वेळी भडोच त्यांच्या पदरात पडलेही. परंतु हुशार माणसाला सूडही राजकारण म्हणून घेता येतो. त्यांनी तो घेतला नाही.

१७८० साली गॉडर्ड गुजरातेत होता. फेब्रुवारीत त्याने अहमदाबाद घेतले, आणि महादजी त्याच्यावर चालून आले. दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या असताना मार्चमध्ये महादजींनी ओलिसांना सोडून दिले, आणि ते दोघे गॉडर्डच्या छावणीत येऊन दाखल झाले. म्हणजे ज्याच्या नावे ते लाखोटे गेले होते त्याच माणसाच्या तंबूत, ज्यांच्या जिवावर ते लिहिले गेले होते ती माणसे आली.

मुलीचे समाधान झाले, ती बसली. माझे अजून व्हायचे आहे. पुढल्या कादंबरीत मी त्या तंबूत शिरणार आहे. फार्मरला पाणी मिळाले आहे, खुर्ची मिळाली आहे, बाहेर शिपाई त्याच्याकडे पाहायला जमले आहेत. तो गॉडर्डला लढाईचे काही विचारत नाही. तो एवढेच विचारतो, की ते दुसरे पत्र तुमच्या हाती कोणत्या तारखेला पडले.